गुलाबाचा काटा

इ. स. १८८२ च्या अखेरीची गोष्ट. इटलीच्या दक्षिणेस सिसिली नावाचे बेट आहे. तेथील मेसिना शहरी समुद्रकाठी एली मेच्निकॉफ हा प्राणिशास्त्रज्ञ सहकुटुंब राहत होता. एके दिवशी घरातील मंडळी सर्कशीतील वानरांचे खेळ पाहावयास गेली. मेच्निकॉफ मात्र आपल्या सूक्ष्मदर्शक यंत्रापाशी बसून राहिला. यंत्राखाली तारामाशाची इवलीशी पिले होती. ती पाण्यासारखी पारदर्शक असल्यामुळे त्यांच्या शरीरात हिंडणाऱ्या पेशी स्पष्ट दिसत. त्या पाहता पाहता त्याच्या मनात एक विचार चमकला. बाहेरून घुसणाऱ्या शत्रूशी झुंजणे हेच या भटक्या पेशींचे काम असावे, असे त्याला वाटले. मग त्याला एका जागी बसवेना. त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि पिलांच्या त्वचेखाली अलगद खुपसले. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे पाहतो तो काय! काट्यांभोवती पेशींनी गराडा घातला होता. आपल्या बोटात कुसळ रुतून राहिले म्हणजे तेथे पू का जमतो, हे कोडे त्या पहाटे उलगडू लागले.

मेच्निकॉफचा जन्म १८४५ साली खार्कॉव्हजवळच्या एका खेड्यात झाला. हा प्रदेश तेव्हा रशियन साम्राज्यात होता. आज तो युक्रेनमध्ये आहे. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत पुरा केला आणि पुढे तो ओडेसा येथे प्राध्यापक झाला. पण संसारसुख त्याला लाभले नाही. त्याची पहिली पत्नी लुडमिला क्षयाने आजारी होती. हवापालटासाठी त्याने तिला दूरदूर नेले. तरी १८७३ साली ती गेली. रोगाशी शरीर कसे लढते, या प्रश्नाला त्याने पुढे आयुष्य वाहिले. त्याच्या मुळाशी हे दुःख होते काय, कोण जाणे!

रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून पचवितात, असे तो सांगू लागला. अशा पेशींना त्याने भक्षक पेशी मानले. त्या काळचे पुष्कळ विद्वान नेमके उलट समजत. या पेशी जंतूंना शरीरभर वाहून नेतात, असे त्यांचे मत होते. मग मेच्निकॉफने गोड्या पाण्यातील पाणपिसवा पाहिल्या. त्यांच्या अंगात बुरशीचे सुईसारखे बीजाणू शिरत आणि भक्षक पेशी त्यांना घेरीत. पेशी जिंकल्या तर पिसू जगे, हरल्या तर मरे. १८८८ साली लुई पाश्चरने त्याला पॅरिसमधील आपल्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. तेथेही वाद थांबला नाही. जंतू पेशींमुळे नव्हे, तर रक्तद्रवामुळे मरतात, असे जर्मन पंडित म्हणत. अखेर १९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ आणि जर्मनीचा पाउल एर्लिख या दोघांना विभागून मिळाले. दोन्ही पक्षांत तथ्य होते!

ओडेसा येथील त्याचा एक विद्यार्थी पुढे आपल्याकडे आला. १८९६ साली मुंबईत प्लेग उसळला, तेव्हा त्यावर लस तयार करणारा हाफकिन तो हाच. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाने ओळखली जाते.

पन्नाशी उलटल्यावर मेच्निकॉफला नवा प्रश्न सतावू लागला. माणूस म्हातारा का होतो? केस पिकतात ते भक्षक पेशी त्यांतील रंग खातात म्हणून, असे त्याचे निरीक्षण होते. जे शरीराचे रखवालदार, तेच उतारवयात घरावर उलटतात, असे त्याने मांडले. मोठ्या आतड्यातील जंतू विष तयार करतात आणि त्या विषाने शरीर दुबळे होते, हे त्याचे कारण त्याने दिले. वार्धक्याच्या अभ्यासाला १९०३ साली त्याने एका स्वतंत्र शास्त्राचे नाव दिले. बल्गेरियातील खेडुतांत दीर्घायुषी माणसे पुष्कळ, आणि त्यांच्या आहारात आंबवलेले दूध असते, हे ऐकून तो स्वतःही रोज तसले दूध पिऊ लागला. ताकाची थोरवी आपल्या घरोघरी पूर्वीपासून गाइली जाते. तिला पॅरिसमध्ये असा वकील मिळावा, ही मोठी गंमत!

हा दुसरा सिद्धांत मात्र पहिल्यासारखा टिकला नाही. केस पिकण्याचे कारण आज वेगळे सांगतात. रंग तयार करणाऱ्या पेशीच कमी होत जातात. आतड्यातील सर्वच जंतू वैरी नसतात, हेही आता कळले आहे. तथापि आतड्यातील जंतूंचा आरोग्याशी निकट संबंध आहे, हे त्याचे म्हणणे व्यर्थ गेले नाही. त्यावर आज जगभर संशोधन चालू आहे.

१९१६ च्या जुलै महिन्यात, महायुद्ध पेटलेले असताना, हृदयविकाराने पॅरिस येथे त्याचा अंत झाला. तेव्हा तो ७१ वर्षांचा होता. मृत्यूनंतर आपले शरीर उघडून तपासावे, विशेषतः आतडी नीट पाहावीत, असे त्याने आपल्या सहकाऱ्याला सांगून ठेवले होते. त्याची रक्षा पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात एका कलशात ठेवण्यात आली.