ग्रंथपालांचे आचार्य : डॉ. रंगनाथन

एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौज झाशीत शिरली, तेव्हा माणसांबरोबर पोथ्याही बळी पडल्या. नेवाळकर घराण्याने जोपासलेला संस्कृत ग्रंथांचा संग्रह लुटीत नष्ट झाला. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी शहरातच होते. त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये ही हानी नोंदवून ठेवली आहे. आज त्याच झाशीत, १९७५ साली स्थापन झालेल्या बुंदेलखंड विद्यापीठात, ग्रंथपाल होऊ इच्छिणाऱ्यांना पदवी व पदव्युत्तर शिक्षण मिळते. तेथील ग्रंथालय व माहितीशास्त्र संस्थेला नाव आहे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे. ग्रंथांची जपणूक हे विद्यापीठात शिकवण्याजोगे शास्त्र आहे, हे देशाला पटवून देण्यात त्यांचे आयुष्य वेचले गेले.

रंगनाथन यांचा जन्म तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे १८९२ साली झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. गणितात एम.ए. होऊन ते मंगळूर, कोइमतूर व मद्रास येथे प्राध्यापक झाले. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांची ग्रंथपालपदी नेमणूक केली. रिकाम्या ग्रंथालयातील एकांत त्यांना असह्य झाला आणि ते पुन्हा वर्गात जाण्याची विनवणी करू लागले. इंग्लंडहून प्रशिक्षण घेऊन आल्यावरही मन रमले नाही, तर परत यावे, असे ठरले. लंडनमध्ये त्यांनी पाहिले की, तेथे कामगारांपासून विद्वानांपर्यंत सर्वांसाठी ग्रंथालये खुली आहेत. मग परतीचा विचार उरलाच नाही.

लंडनच्याच एका दुकानात सुटे भाग जोडून हवी ती वस्तू बनवण्याचे खेळणे त्यांना दिसले. विषयाचेही असेच घटक पाडून ते चिन्हांनी जोडता येतील, ही कल्पना त्यातून स्फुरली. तिचेच रूप म्हणजे १९३३ साली प्रसिद्ध झालेली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली होती. ग्रंथ कुलपात ठेवण्यासाठी नसून वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. आणि ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था आहे, असा त्यांचा आशय आहे.

महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकन तज्ज्ञ बोर्डन यांना बडोद्यास बोलावून ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा पाया घातला होता. रंगनाथन यांनी या शिक्षणाला विद्यापीठात मानाचे स्थान मिळवून दिले. मद्रास ग्रंथालय संघाचा १९२९ चा उन्हाळी वर्ग दोन वर्षांत विद्यापीठाने स्वीकारला आणि १९३७ मध्ये त्याचे वर्षभराच्या पदविकेत रूपांतर झाले. पुढे बनारस आणि दिल्ली येथे त्यांनी अध्यापन केले. दिल्लीत पदवीपासून पीएच.डी.पर्यंतची वाट मोकळी झाली. या विषयातील देशातील पहिली पीएच.डी. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाली. १९६२ मध्ये त्यांनी बंगळूरला प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले. त्यांच्याच प्रयत्नांतून १९४८ मध्ये मद्रास प्रांतात सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. महाराष्ट्रात असा कायदा १९६७ साली आला.

१९५७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. राहणी मात्र अखेरपर्यंत साधीच राहिली. आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले. त्या अध्यासनाला त्यांच्या पत्नी शारदा यांचे नाव आहे. २७ सप्टेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १२ ऑगस्ट हा दिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो.

आज पदवीनंतर वर्षभराचा ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम आणि त्यापुढे पदव्युत्तर शिक्षण अनेक विद्यापीठांत उपलब्ध आहे. तरीही मुलांच्या भवितव्याचा विचार करताना घराघरांत या वाटेचे नाव क्वचितच निघते. पोथ्या आगीत जातात, तशाच त्या बंद कपाटातही जातात. दुसऱ्या प्रकारचा नाश आवाज करत नाही, म्हणून तो थांबवायला शिकलेला माणूस लागतो. असा माणूस घडवता येतो, हे रंगनाथन यांनी दाखवून दिले.