निकोलाय वाविलोव

गव्हावर तांबेरा पडला म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळते, हे खेड्यांतून शाळेस येणाऱ्या आमच्या मित्रांस सांगावयास नकोच. या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू वाऱ्यावर येतात, पानांच्या रंध्रांतून आत शिरतात आणि रोपाचा जीवनरस शोषून घेतात. परंतु त्याच शेतात एखाद्या वाणाचा गहू मात्र निरोगी उभा असतो. असे का व्हावे, याचा शोध घेणाऱ्या एका रशियन शास्त्रज्ञाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

निकोलाय वाविलोव यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को येथे झाला. कृषिविद्येचे शिक्षण आटोपून १९१३ साली ते इंग्लंडला गेले. तांबेऱ्यास दाद न देण्याचा गुण मेंडेलच्या नियमांप्रमाणे संततीत उतरतो, हे केंब्रिजच्या बिफेन यांनी १९०५ मध्येच दाखविले होते. त्यांच्या हाताखाली वाविलोव यांनी काम केले.

जाड सालीमुळे किंवा आंबट रसामुळे रोप वाचते, असा तेव्हा अनेकांचा समज होता. वाविलोव यांनी शेकडो वाण शेजारी-शेजारी पेरून पाहिले, तेव्हा तो टिकेना. रोगक्षम रोपात बुरशी शिरते खरी. परंतु ती शिरताच तिच्या भोवतालच्या पेशी स्वतःच मरून जातात, आणि जिवंत पेशींवरच पोसणारी ती बुरशी उपाशी राहते! थोडक्या पेशींचा बळी देऊन रोप आपला जीव वाचविते. इराणी गव्हाचा एक प्रकार त्यांना असा आढळला की, त्यावर भुरी पडतच नसे. वनस्पतींच्या रोगक्षमतेवरील त्यांचा ग्रंथ १९१९ साली निघाला. त्यांच्या प्रवासांची कीर्ती अधिक झाली. आम्हांस मात्र हा ग्रंथच त्यांचा पाया वाटतो.

कारण प्रवासांमागेही हाच विचार होता. पीक व रोग जेथे हजारो वर्षे एकत्र नांदले, तेथेच रोगास पुरून उरणारे वाण सापडावयाचे. शिवाय बुरशीचेही नवनवे वंश निपजतात. त्यामुळे एकच वाण कायमचा पुरत नाही. म्हणून इराण, पामीर, अफगाणिस्तान, अबिसीनिया असे देश हिंडून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेनिनग्राडच्या संस्थेत दोन लाखांहून अधिक बियाण्यांचे नमुने जमविले. संकराने त्यांतील रोगक्षमता पिकांत आणावयाची होती.

पुढे आनुवंशिकतेचे शास्त्रच खोटे ठरविणाऱ्या लिसेंको यांच्यावर स्टालिनची मर्जी बसली. वाविलोव यांनी आपले मत सोडले नाही. ६ ऑगस्ट १९४० रोजी त्यांस अटक झाली, हेरगिरीचा खोटा आरोप ठेवण्यात आला. जगाच्या अन्नासाठी झटलेला हा पुरुष २६ जानेवारी १९४३ रोजी साराटोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मरण पावला.

त्याच सुमारास लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. संस्थेतील कित्येक सेवक भुकेने मेले. भाताच्या नमुन्यांचे रक्षक इवानोव हेही त्यांत होते. परंतु बियाण्याला कोणी हात लावला नाही. १९५५ साली वाविलोव निर्दोष ठरले, आणि १९६७ मध्ये त्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.