तिकीट लावून गाणारे बुवा : पं. विष्णु दिगंबर पलुसकर

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत डॉक्टरचा लेख म्हटला की मधुमेह नाहीतर कोलेस्टेरॉल, असा बहुतेकांचा अंदाज असतो. यंदा तुम्हाला त्यातून सुट्टी. यंदा मी एका गवयाविषयी लिहिणार आहे, आणि त्याला कारण झाली आमच्या समितीची एक बैठक.

वेस्ट विंडसरमध्ये आम्ही काही जण अधूनमधून शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम करतो. ज्यांनी हा उद्योग केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. विम्याचे सर्टिफिकेट द्या, कस्टोडियनचे तासाचे पैसे भरा, स्टेजवर समई लावायची नाही म्हणून बॅटरीवरचा दिवा आणा, हॉलमध्ये खायला बंदी म्हणून बटाटेवडे कॅफेटेरियात न्या. दहा वाजता हॉल रिकामा हवा आणि पावणेदहाला बुवा नुकते कुठे रंगात आलेले! हे सगळे कसेबसे निभावते. गाडे अडते ते तिकिटापाशी. मागच्या कार्यक्रमाला वीस डॉलर तिकीट ठेवावे असे मी सुचवले आणि पुढचा दीड तास त्यातच गेला. देवळाशी संबंधित मंडळींनी गाण्याचे पैसे घ्यायचे का? एखादा स्पॉन्सर का पाहू नये? आणि ओळखीच्यांच्या पासचे काय? आमच्यातले एक ज्येष्ठ काका शांतपणे म्हणाले की गाणे ही विकायची वस्तू नव्हे. कुणाला काही उत्तर सुचले नाही. मलाही नाही. पण घरी येताना गाडीत मला मिरज आठवली.

माझे वैद्यकीय शिक्षण मिरजेला झाले. मिरज म्हणजे आम्हा विद्यार्थ्यांच्या लेखी दवाखान्यांचे आणि तंबोऱ्यांचे गाव. एका गल्लीत पेशंटच्या रांगा, तर दुसऱ्या गल्लीत भोपळे वाळत घातलेले. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला मोठमोठे गवई हजेरी लावतात. तिथे जमिनीवर मांडी घालून मी रात्र रात्र गाणे ऐकले, आणि एक पैसाही दिला नाही. त्यामुळे काकांचे म्हणणे मला अगदीच अमान्य होते असे नाही. पण त्याच मिरजेत घडलेल्या एका माणसाने हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी अंगावर घेतला होता.

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. हे गाव आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. तेव्हा ते पटवर्धनांचे छोटे संस्थान होते. मूळ आडनाव गाडगीळ, पलूस गावावरून पलुसकर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. कीर्तनकाराचे घर म्हणजे सुराला तोटा नाही आणि पैशाला ठिकाणा नाही. आरतीच्या ताटात पडेल ते आणि यजमान देईल ती बिदागी, एवढाच आधार. मुलाने इंग्रजी शिकावे आणि चार पैसे मिळवावेत, असाच त्या काळचा विचार होता. पण दत्तजयंतीच्या उत्सवात एक फटाका लहानग्या विष्णूच्या तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली.

उपचारांसाठी त्याला मिरजेला डॉ. भडभडे यांच्याकडे आणले. डोळ्याच्या अशा दुखापतीवर त्या काळी फारसा इलाजच नव्हता. प्रतिजैविके पुढच्या शतकातली. माणसावर कॉर्नियाचे रोपण पहिल्यांदा यशस्वी झाले तेही १९०५ साली, युरोपात. डॉक्टरांच्या लक्षात आले की दृष्टी पूर्ववत होणार नाही आणि या मुलाचे पुस्तकी शिक्षण संपले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मुलाचा गळा चांगला आहे, त्याला गाणे शिकवा, असे त्यांनी सुचवले. दृष्टी अधू झालेल्या मुलाच्या बापाला काय सांगायचे, हा प्रश्न मलाही कामात कधी ना कधी पडला आहे. आमच्या व्यवसायात बरे करता आले नाही की माणूस गप्प होतो, नाहीतर पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहून मोकळा होतो. भडभडे डॉक्टरांच्या त्या एका सल्ल्याचे मोल मला फार मोठे वाटते.

मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाला तेव्हा पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवली ती याच बाळकृष्णबुवांनी. संस्थानाच्या मदतीने विष्णूची सोय लागली आणि पुढची बारा-एक वर्षे पहाटेपासून रात्रीपर्यंत त्याने मेहनत केली. दरबाराची कृपा होती, गळा तयार झाला होता. तिथेच राहिले असते तर मिरजेचे दरबारी गवई म्हणून सुखाने आयुष्य गेले असते.

पण १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. त्यामागची एक हकिकत सांगितली जाते. गावातल्या एका समारंभाचे निमंत्रण विष्णुबुवांना आले, गुरूंना मात्र आले नाही. त्यांनी कारण विचारले. ते गवई आहेत, त्यांना कशाला बोलवायचे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. तपशील कसाही असो, त्या काळी गवयाची पायरी कोणती होती हे त्यातून कळते. राजा देईल तो नजराणा घ्यायचा, मेजवानीनंतर पानदान फिरत असताना आणि मंडळी गप्पा मारत असताना गायचे, आणि घरंदाज माणसांनी चार हात लांब राहायचे. गाण्याचे कौतुक होते, गाणाऱ्याला मान नव्हता.

बुवा औंध, सातारा, बडोदा करीत सौराष्ट्रात पोचले. तिथे १८९७ च्या सुमारास राजकोटला त्यांनी जे केले ते आज आपल्याला अगदी साधे वाटेल. राजवाडा नाही, देऊळ नाही, कुणा शेटजींचा दिवाणखाना नाही. जाहीर कार्यक्रम ठरवला, त्याला माफक दराचे तिकीट लावले आणि तिकीट घेईल त्याला आत घेतले. शास्त्रीय गवयाने सर्वसामान्यांसाठी तिकीट लावून केलेली पहिली मैफल म्हणून ती सांगितली जाते.

आता कुणी म्हणेल, यात नवे काय? मराठी माणसाला तिकीट माहीतच होते. विष्णुदास भाव्यांनी १८५३ मध्येच मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून नाटक केले होते, आणि १८८० नंतर किर्लोस्करांच्या शाकुंतलासाठी तर लोक रांगा लावत. खरे आहे. पण नाटक हा तमाशासारखाच पैसे देऊन पाहायचा खेळ मानला जाई. नुसता ख्याल ऐकायला एखादा कारकून किंवा शाळामास्तर खिशातून पैसे काढील आणि त्या पैशाच्या जोरावर थेट पहिल्या रांगेत बसेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्याआधी हे गाणे त्याच्या कानावर पडायचे तर कुणा मोठ्या माणसाची ओळख लागे. म्हणजे पास लागे! तिकीट आले आणि ओळखीची गरज संपली. काकांना मी बैठकीत हे सांगायला हवे होते, पण नेमके तेव्हा सुचले नाही.

गिरनारवर बुवांना एक साधू भेटले आणि त्यांनी पंजाबात जायला सांगितले, अशी कथा आहे. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर असे फिरत, वाटेत हिंदी आणि ब्रज शिकत, ते लाहोरला आले. ५ मे १९०१ रोजी तिथे गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. घरी गुरूची सेवा करून शिकायची विद्या इथे फी भरून, वेळापत्रकाप्रमाणे, वर्गात बसून शिकायची होती. अभ्यासक्रम, स्वरलेखन, छापील पुस्तके, परीक्षा, प्रमाणपत्र, सगळे काही. सुरुवातीला विद्यार्थीच येईनात, तेव्हा बुवा रोज ठरल्या वेळी वर्ग उघडून एकटेच तंबोरा घेऊन बसत, असे सांगतात. पुढे स्त्रियांचे वर्गही निघाले. संगीतावरचे मासिक निघाले, छापखाना आला.

होतकरू मुलांसाठी त्यांनी उपदेशक वर्ग काढला. मुलाने नऊ वर्षे शिकण्याचा करार करायचा, त्याच्या जेवणाखाण्याचा आणि राहण्याचा भार संस्थेवर, आणि नंतर त्याने गावोगाव गाणे शिकवायचे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सारी त्यांचीच शिष्यमंडळी. साबरमती आश्रमात भजने बसवणारे आणि १९३० मध्ये गांधीजींबरोबर दांडीपर्यंत चालत गेलेले नारायण मोरेश्वर खरे हेही त्यांचेच.

या सगळ्यांच्या भाजीभाकरीचा खर्च भागवायला बुवा शिष्यांना घेऊन सतत दौरे करत. कार्यक्रमात शिस्त कडक असे. वेळेवर सुरुवात, श्रोत्यांनी गप्पा मारायच्या नाहीत, शिष्य नीटनेटक्या पोशाखात. तासन्‌तास एकच राग आळवण्यापेक्षा आटोपशीर ख्याल, वाद्यांचे कार्यक्रम आणि शेवटी भजन. घरच्या बायकामुलांना घेऊन यावे असे गाणे हवे, म्हणून चिजांमधले शृंगारिक शब्दही त्यांनी बदलले. जाणत्यांनी यावर नाके मुरडली. बुवांनी गाणे पातळ केले, भजनी मंडळ करून टाकले, असे आक्षेप तेव्हाही होते आणि आजही अभ्यासक घेतात. मला त्यात तथ्य वाटते. जुन्या बंदिशीचे शब्द बदलणे मला स्वतःला पटत नाही. शिवाय गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली याचे सारे श्रेय एकट्या बुवांना देताना, ज्यांच्या घराण्यांत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली त्या उस्तादांना आपण विसरतो. खुद्द अब्दुल करीम खाँसाहेबांनीही संगीत विद्यालय चालवले आणि तिकिटाच्या मैफली केल्या, हे किती जणांना ठाऊक असते?

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालयाची शाखा निघाली आणि काही वर्षांनी सँडहर्स्ट रोडवर स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. वर्ग, वसतिगृह, वाद्ये तयार करण्याचा कारखाना, सगळे एका छपराखाली. पण इमारत कर्जावर होती. बुवा गावोगाव गात होते, येणारे पैसे व्याजात जात होते. संस्थानिकांची मदतही त्यांनी घेतली, राजाश्रय सोडलेल्या माणसाला ते सोपे गेले नसेल. एवढे करूनही कर्ज फिटले नाही. १९२० च्या दशकात इमारतीचा लिलाव झाला. वीस-पंचवीस वर्षांच्या तिकिटांची कमाई त्यात गेली.

घरचे दुःख याहून मोठे. बारा अपत्यांपैकी अकरा लहान वयातच गेली. आपल्या मुलाला साधा ताप आला तरी रात्री मला फोन करणाऱ्या तरुण आईबापांनी हा आकडा जरा मनात धरून पाहावा. बुवा उत्तरायुष्यात नाशिकला रामनाम आधाराश्रमात रमले. भगवी वस्त्रे, रामायणाची प्रवचने आणि रामधून. दृष्टीही शेवटी जवळजवळ गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच त्यांचे निधन झाले. एकोणसाठावे वर्ष पुरे होऊन तीन दिवस झाले होते.

मागे राहिलेला एकुलता मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनीच त्याला शिकवले. हेच आपले डी. व्ही. पलुसकर. १९५२ च्या ‘बैजू बावरा’त अमीर खाँसाहेबांबरोबर गायलेले, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या आईवडिलांच्या रेडिओवर सकाळी भजने गाणारे. १९५५ च्या ऑक्टोबरात मेंदूज्वराने तेही गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी.

इमारत गेली, पण शिष्यांनी १९३१ मध्येच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आपल्या मुली प्रवेशिका आणि मध्यमाच्या म्हणून ज्या परीक्षा देतात त्या या मंडळाच्या. परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या धाकटीने झपतालाचे बोल घोकत आम्हाला झोपू दिले नव्हते, त्याचे मूळ लाहोरच्या त्या रिकाम्या वर्गात आहे.

हे सगळे मी काकांना नंतर फोनवर सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. गाणे विकायची वस्तू नाही या मतावर ते कायम आहेत. मात्र हॉलचे भाडे आणि तबलजींचे विमानभाडे ही विकत घ्यायची वस्तू आहे, एवढे त्यांनी मान्य केले, आणि तिकिटाच्या टेबलावर बसायचे कामही स्वतःहून घेतले. पास कुणालाही नाहीत, समिती सदस्यांनाही नाहीत. कार्यक्रम दुपारी चारला म्हणजे चारलाच सुरू होईल. वडे आणि चहा कॅफेटेरियात तीनपासून मिळतील.