नाव गेलं, इंजिन राहिलं!

सबमिशनच्या आदल्या रात्री अभ्यास सोडून बाकी सगळं सुचतं, हे हॉस्टेलवर राहिलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. त्या रात्रीही तसंच झालं. जर्नल्स पूर्ण करायला विंगमधले सहाजण माझ्या रूमवर जमले आणि तासाभरात पेनं बाजूला पडून विषय गाड्यांवर आला. कुणीतरी प्रश्न टाकला. समजा, पन्नास कोटी रुपये मिळाले आणि त्यातून एकच जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची. दुर्मिळ हवी, पण काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी नको. पावसात, घाटात, लांबच्या प्रवासाला स्वतः चालवता आली पाहिजे. तर कोणती घ्याल?

मग काय विचारता! फेरारी, जग्वार ई-टाइप, दारं वर उघडणारी मर्सिडीज... ज्याने आयुष्यात मामाच्या लुनाखेरीज काही चालवलं नाही तोही हिरिरीने भांडत होता. माझं उत्तर मात्र ठरलेलं होतं – ब्लोअर बेंटली! पुढे रेडिएटरच्या खाली भलामोठा सुपरचार्जर मिरवणारी १९३० च्या सुमाराची ती हिरवी गाडी. तिचं चित्र माझ्या कपाटाच्या दारावर फर्स्ट इयरपासून चिकटवलेलं आहे. आमच्या बी.ई. प्रोजेक्टचा विषयही त्यातूनच आला होता. लॅबमधल्या बंद पडलेल्या पेट्रोल इंजिनला सुपरचार्जर बसवायचा.

माझ्या रूममेटने सहज विचारलं, हा बेंटली म्हणजे नेमका कोण? आणि मी गप्प! तीन वर्षं ज्याच्या गाडीचं चित्र दारावर आहे, त्याच्याबद्दल मला ओळभरही सांगता येईना. सबमिशन उरकल्यावर लायब्ररी गाठली. आणि मित्रांनो, पहिलाच धक्का असा बसला की ब्लोअर बेंटली ही गाडी खुद्द बेंटलींनाच नको होती!

वॉल्टर ओवेन बेंटली यांचा जन्म १६ सप्टेंबर १८८८ रोजी लंडनमधला. नऊ भावंडांत हे शेंडेफळ. सगळे त्यांना डब्ल्यू. ओ. म्हणत, आपणही तेच म्हणू. घरची परिस्थिती चांगली, शाळा नावाजलेली. पण पोराला वेड रेल्वे इंजिनांचं. सोळाव्या वर्षी शाळा सोडून १९०५ मध्ये ते डॉनकास्टरला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले. पगार मिळायचा राहिला बाजूला, शिकण्यासाठी उलट घरच्यांनी फी भरली होती. पाच वर्षं फौंड्री, फिटिंग, मशिन शॉप असं करत शेवटी एक्स्प्रेस गाड्यांवर फायरमन म्हणून कोळसा घालण्यापर्यंत सगळं केलं. लंडन ते लीड्स आणि परत, म्हणजे चारशे मैल. एका दिवसात सुमारे सात टन कोळसा फावड्याने भट्टीत! वर्कशॉपमध्ये एक जॉब फाइल करताना हातांना फोड आले म्हणून मी एचओडींकडे तक्रार घेऊन गेलो होतो, ते हे वाचताना आठवलं. असो.

रेल्वेत पुढे फारसं भवितव्य दिसेना म्हणून ते मोटारींकडे वळले. लंडनच्या एका टॅक्सी कंपनीत सुमारे अडीचशे टॅक्स्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. गाडी रोज रस्त्यावर उतरली तरच कंपनीच्या पदरात पैसे पडणार, हा धडा बहुधा इथेच पक्का झाला असावा. १९१२ मध्ये थोरल्या भावाबरोबर त्यांनी डीएफपी या फ्रेंच गाड्यांची एजन्सी घेतली. पुढच्या वर्षी ते फ्रान्सला डीएफपीच्या कारखान्यात गेले असता टेबलावर कागदांवर ठेवायचं एक वजन दिसलं. आकार पिस्टनचा आणि धातू ॲल्युमिनियम! त्या काळी पिस्टन बिडाचे किंवा पोलादाचे असत. ॲल्युमिनियम एवढ्या उष्णतेत तग धरणार नाही अशी सर्वसाधारण समजूत. डब्ल्यू. ओ. यांनी तांबं मिसळून मिश्रधातूचे पिस्टन ओतून घेतले. हलका पिस्टन म्हणजे इंजिन जास्त वेगाने फिरणार. उष्णता लवकर बाहेर जाते म्हणून कॉम्प्रेशनही वाढवता येणार. त्या छोट्याशा गाडीने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर विक्रम केले.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हे गुपित स्वतःजवळ ठेवलं असतं तर पुढे धंद्याला उपयोगी पडलं असतं. पण त्यांनी ते नौदलाच्या विमानदळाला सांगितलं, आणि अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून इतर इंजिन कंपन्यांनाही समजावून दिलं. त्यात रोल्स-रॉइसही होती. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे!) पुढे त्यांनी स्वतः बीआर १ आणि बीआर २ ही विमानांची रोटरी इंजिनं तयार केली. सॉपविथ कॅमल या प्रसिद्ध लढाऊ विमानांपैकी बऱ्याच विमानांत बीआर १ बसवलं होतं. युद्ध संपल्यावर त्याबद्दल सरकारकडून आठ हजार पौंडांचं बक्षीस मिळालं. पण १९१९ मध्येच फ्लूच्या साथीत त्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. त्याच वर्षी बेंटली मोटर्स सुरू झाली, आणि लंडनच्या बेकर स्ट्रीटजवळच्या एका बोळातल्या जागेत पहिलं इंजिन धडधडलं.

ही गाडी म्हणजे ३ लिटर बेंटली. ग्राहकांना ती १९२१ पासून मिळू लागली. चार सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग, वर ओव्हरहेड कॅमशाफ्ट. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही, बरं का! सिलिंडर हेड आणि ब्लॉक एकाच ओतकामात, म्हणजे हेड गॅस्केट उडण्याची भानगडच नाही. तोटा एवढाच की व्हॉल्व्ह घासायचे तर अख्खा ब्लॉक उचलावा लागतो. चासीवर पाच वर्षांची गॅरंटी होती. आपल्या प्रश्नातला 'चालवता आली पाहिजे' हा शब्द या माणसाने असा कागदावर लिहून दिला होता.

१९२३ मध्ये फ्रान्समध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत सुरू झाली. एका ग्राहकाने आपली बेंटली तिथे न्यायचं ठरवलं. डब्ल्यू. ओ. यांना हा शुद्ध वेडेपणा वाटला, गाड्या अशा टिकायच्या नाहीत असं त्यांचं मत. तरी ते बघायला गेले आणि त्या शर्यतीच्या प्रेमातच पडले. पुढच्याच वर्षी बेंटली जिंकली! त्यानंतर १९२७, १९२८, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ चार वर्षं. १९२७ ची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. रात्री एका वळणावर मोठा अपघात झाला आणि कंपनीच्या तिन्ही गाड्या त्यात सापडल्या. दोन तिथेच बाद. तिसरी, चासी वाकलेली, एक हेडलाइट गेलेला, अशा अवस्थेत बाहेर काढून उरलेले तास चालवली. ती पहिली आली. ती चालवणाऱ्या दोघांपैकी एक पत्रकार होता आणि दुसरा चक्क डॉक्टर!

आता येऊ ब्लोअरकडे. १९२६ पासून कंपनीची सूत्रं वुल्फ बर्नाटो या श्रीमंत तरुणाकडे गेली होती. त्याच्या घराण्याचा पैसा दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या खाणींचा. कंपनीच्या ताफ्यातला टिम बर्किन हा बिनधास्त ड्रायव्हर साडेचार लिटर गाडीला सुपरचार्जर बसवायच्या मागे लागला. डब्ल्यू. ओ. यांचा साफ विरोध. त्यांचं गणित सोपं होतं. जास्त ताकद हवी तर इंजिन मोठं करा. लहान इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबलीत की ते तापणार, पेट्रोल पिणार आणि कधीतरी दगा देणार. पण बर्नाटोने परवानगी दिली, आणि ब्लोअर तयार झाली. एकूण अवघ्या ५५.

आणि निकाल? १९३० च्या ल मान्सला बर्किनने मर्सिडीजचा असा काही पाठलाग केला की त्याच्या टायरचं रबर सुटून उडालं तरी पठ्ठ्या थांबेना. पुढे मर्सिडीज बंद पडली, आणि ब्लोअरही शेवटपर्यंत पोचल्या नाहीत. पहिल्या दोन नंबरांवर आल्या त्या डब्ल्यू. ओ. यांच्या साध्या, साडेसहा लिटरच्या स्पीड सिक्स! म्हणजे माझ्या कपाटावरची गाडी ल मान्स कधीच जिंकली नव्हती. गंमत म्हणजे आज जास्त भाव त्याच ब्लोअरला. बर्किनची एकसीटर ब्लोअर २०१२ च्या लिलावात ४५ लाख पौंडांवर गेली, आणि २०२० नंतर बेंटली कंपनीने जुन्या ब्लोअरच्या हुबेहूब बारा प्रती नव्याने बांधल्या.

इकडे जागतिक मंदी आली. महागड्या गाड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. १९३० मध्ये काढलेली भव्य ८ लिटर शंभरावर थांबली. बर्नाटोने हात आखडता घेतला आणि १९३१ मध्ये कंपनी बुडाली. नेपियर ही कंपनी ती विकत घेणार आणि डब्ल्यू. ओ. तिथे नव्या गाड्या बनवणार, असं जवळजवळ ठरलं होतं. पण कोर्टात ऐनवेळी एका अनोळखी ट्रस्टने जास्त बोली लावली, १ लाख २५ हजार २७५ पौंड. ट्रस्टच्या मागे होतं कोण? रोल्स-रॉइस!

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. गाड्यांबरोबर बेंटली हे नावही गेलं होतं. ज्याचं ते आडनाव, त्यालाच ते आता गाडीवर लावता येणार नव्हतं. स्वतः वापरायची ८ लिटरसुद्धा द्यावी लागली. करारामुळे रोल्स-रॉइसमध्ये नोकरी करावी लागली, पण डिझाइनच्या टेबलावर जागा नाही. दुसऱ्यांनी बनवलेल्या आणि आपलं नाव लावलेल्या गाड्या चालवून बघायच्या, एवढंच काम. विचार करा, आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टचं कव्हर कुणी बदललं तर आपण महिनाभर बोलत राहतो.

१९३५ मध्ये करार संपला आणि ते लगोंडा कंपनीत गेले. वय पंचेचाळिशीच्या पुढे. पुन्हा कोरा ड्रॉइंग बोर्ड. तिथे त्यांनी व्ही १२ इंजिन केलं आणि १९३९ च्या ल मान्सला त्या गाड्या तिसऱ्या, चौथ्या आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला त्यांच्या देखरेखीखाली एक नवं इंजिन तयार झालं. २.६ लिटर, सहा सिलिंडर, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट. लगोंडा कंपनीलाही पैशाची चणचण. १९४७ मध्ये गिअर आणि ट्रॅक्टरच्या धंद्यातल्या डेव्हिड ब्राउन यांनी ती घेतली, ती मुख्यतः या इंजिनासाठी. ॲस्टन मार्टिन त्यांनी आधीच घेतली होती. चांगली चासी एका कंपनीकडे, चांगलं इंजिन दुसऱ्या कंपनीकडे. दोन्ही जुळवून १९५० मध्ये जी गाडी आली ती ॲस्टन मार्टिन डीबी २. पुढच्याच वर्षी ती ल मान्सला तिसरी आली. मोठं होत होत हे इंजिन १९५९ पर्यंत ॲस्टनमध्ये चाललं. गाडीवर बेंटली हे नाव मात्र कुठेच नाही!

डब्ल्यू. ओ. १३ ऑगस्ट १९७१ रोजी गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या गाड्या चालवणाऱ्यांचा क्लब १९३६ मध्येच स्थापन झाला होता, आणि आजही त्या व्हिंटेज बेंटली रस्त्यावर धावताना दिसतात.

तर मित्रांनो, पन्नास कोटींचं माझं उत्तर बदललं आहे. मी डीबी २ घेणार. बनल्याच जेमतेम चारशेच्या वर, म्हणजे दुर्मिळ. डोक्यावर छप्पर, म्हणजे पावसाची चिंता नाही. आणि बॉनेटखाली अशा माणसाचं इंजिन, ज्याने सगळं गेल्यावरही काम वाईट केलं नाही. ब्लोअरच्या मानाने ती कितीतरी स्वस्त, त्यामुळे उरलेल्या पैशांचं काय असं विंगने विचारलंच. सांगून टाकलं – पेट्रोल, सुटे भाग आणि एक चांगला मेकॅनिक. जुनी गाडी घेणं सोपं, ठेवणं महाग.

प्रोजेक्टचंही सांगतो. सुपरचार्जर रद्द केला. तेच बंद इंजिन उघडून, व्हॉल्व्ह बसवून, लोडवर सलग चार तास चालवून दाखवायचं ठरवलं. पहिल्या वेळी चाळीस मिनिटांत गॅस्केट उडालं, दुसऱ्या वेळी कूलिंगने दगा दिला, तिसऱ्या वेळी चाललं. एक्स्टर्नल सरांनी दहा मिनिटं पाहिलं आणि पुढच्या ग्रुपकडे वळले. मार्क्स यथातथाच!

पण यंदा सेकंड इयरची बॅच त्याच इंजिनावर प्रॅक्टिकल करते आहे. दर मंगळवारी दुपारी लॅबच्या बाजूने जाताना त्याचा आवाज येतो. त्यावर आमची नावं लिहिलेली नाहीत. चालतंय, तेवढं पुरे.