गाळातून जीव जागविणारे गेऑर्ग ओसियन सार्स

उन्हाने वाळून ढेकूळ झालेला तळ्याचा गाळ हाती घेतला, तर त्यात काही सजीव असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ गेऑर्ग ओसियन सार्स यांनी असा गाळ दूरदूरच्या देशांतून मागवून पाण्यात घातला आणि त्यातून जिवंत प्राणी निघताना पाहिले. पण ही हकीकत सांगण्यापूर्वी त्यांच्या घराकडे एक दृष्टिक्षेप टाकू.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर किन येथे २० एप्रिल १८३७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील मिखाएल सार्स हे पेशाने धर्मोपदेशक. परंतु समुद्रातील प्राण्यांचा त्यांचा व्यासंग एवढा मोठा, की १८५४ साली राजधानी क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथील विद्यापीठाने त्यांस प्राध्यापकपद दिले. थोरले बंधू एर्न्स्ट पुढे नामांकित इतिहासकार झाले. धाकटी बहीण एव्हा ही गायिका. ध्रुवप्रदेशाचे सुप्रसिद्ध संशोधक नान्सेन यांच्याशी तिचा विवाह झाला. अशा घरात वाढलेल्या गेऑर्गने प्रथम वैद्यकाचा अभ्यास आरंभिला, पण तो सोडून तो वडिलांच्याच वाटेस लागला.

राजधानीच्या आसपासची तळी व डबकी हे त्यांचे पहिले कार्यक्षेत्र. खेकडे व कोळंबी यांचे जे अतिसूक्ष्म भाईबंद गोड्या पाण्यात तरंगत असतात, ज्यांस प्राणिप्लवक म्हणतात, त्यांचा पाठलाग या तरुणाने चालविला. त्यांतील लेप्टोडोरा हा प्राणी काचेसारखा पारदर्शक असतो; पाण्यात तो असून नसल्यासारखाच. त्याच्या उन्हाळी अंड्यांतून आईबापांसारखीच पिले निघतात, हिवाळा काढून उबणाऱ्या अंड्यांतून मात्र अगदी निराळ्या रूपाची अळी निघते. एकाच प्राण्याचे हे दोन प्रकारचे बालपण सार्स यांनी १८७३ साली प्रसिद्ध केले.

दरम्यान सरकारने १८६४ पासून त्यांस लोफोतेन बेटांकडे कॉड मासळीच्या संशोधनासाठी पाठविले होते. कॉडची अंडी समुद्राच्या तळाशी पडून राहतात, अशी तेव्हाची समजूत होती. ती पाण्याच्या पृष्ठभागाशी तरंगतात, हे सार्स यांनी दाखवून दिले. हजारो कोळ्यांच्या पोटाशी निगडित असलेला हा शोध होता आणि देशात त्यांचे नाव झाले ते त्यामुळेच. १८७४ साली ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. तथापि आमचे मन रमते ते त्यांच्या काचेच्या भांड्यांपाशी.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात कार्ल लुमहोल्ट्झ हे नॉर्वेजियन प्रवासी काही वर्षे राहिले होते. तेथील एका तळ्याचा वाळलेला गाळ सार्स यांच्याकडे आला. तो पाण्यात सोडल्यावर पाण्यातील पिसवांसारखे चिमुकले प्राणी त्यात पोहू लागले! १८८५ साली त्यांनी ते वर्णन छापले आणि एका डाफ्नियास लुमहोल्ट्झ यांचे नाव दिले. ही डाफ्निया लुमहोल्ट्झी भारतातील जलाशयांतही आढळते. ही युक्ती सर्वप्रथम त्यांनाच सुचली असे नव्हे. पण दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, चीन, सुमात्रा अशा दूरदूरच्या मुलखांतील प्राणी आपल्या खोलीत वाढवून, ते जिवंत असताना पाहून त्यांची चित्रे काढण्याची चिकाटी क्वचितच कोणी दाखविली असेल.

गाळात हे जीव टिकतात कसे? डबके आटू लागले किंवा थंडी पडू लागली, की डाफ्नियाची मादी कठीण कवचात बंदिस्त अशी खास अंडी तयार करते. आई मरते, पाणी जाते, बर्फ येते. अंडे मात्र झोपून राहते.

या झोपेची खरी कसोटी लागते ती सायबेरियात. तेथील याना नदीच्या खोऱ्यातील जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थोडा थर तेवढा वितळतो. खाली बर्फ असल्याने पाणी मुरत नाही आणि सपाट प्रदेशात असंख्य तळी साचतात. याच नदीकाठच्या व्हेर्खोयान्स्क गावी १८९२ साली तापमान शून्याखाली ६७.८ अंशांपर्यंत उतरले होते. उथळ तळी हिवाळ्यात तळापर्यंत गोठतात. मग जून उजाडला की गाळातील अंडी उबतात, आणि काही आठवड्यांत जन्म, वाढ व प्रजनन सारे उरकून नवी अंडी पुन्हा गाळात जातात.

१८८५-८६ साली अलेक्झांडर बुंगे व एडुआर्ड टोल यांची मोहीम या भागात गेली होती. हे टोल पुढे १९०२ साली ध्रुवसमुद्रातील एका कल्पित भूमीच्या शोधात कायमचे नाहीसे झाले. मोहिमेत मिळालेले कवचधारी प्राणी तपासण्याचे काम सार्स यांच्याकडे आले. १८९७ व १८९८ साली त्यांचे दोन लेख सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या प्राणिसंग्रहालयाच्या वार्षिकात प्रसिद्ध झाले. त्यांत विज्ञानास अपरिचित अशा जाती होत्या. एकीस त्यांनी आर्टेमिऑप्सिस बुंगेई असे नाव दिले. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील मासळीसाठी सार्स यांस सर्वजण ओळखतात, या दोन लेखांची आठवण क्वचितच निघते. आम्हास हे योग्य वाटत नाही. तेथील गोठलेली जमीन आता वितळत आहे. कोठे जुनी तळी फुटून वाहून जातात, कोठे जमीन खचून नवी होतात. त्या पाण्यात पूर्वी कोण राहत होते, याची इतकी जुनी व इतकी बारीक नोंद फारच थोड्या ठिकाणी सापडते. सायबेरियाच्याच गोठलेल्या मातीतून काढलेला रोटिफर नावाचा सूक्ष्म प्राणी सुमारे २४,००० वर्षांनंतर जिवंत झाल्याचे रशियन शास्त्रज्ञांनी २०२१ साली जाहीर केले. गाळाची भांडी न्याहाळणाऱ्या सार्स यांस ही वार्ता ऐकावयास मिळावयास हवी होती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

१८९० पासून त्यांनी नॉर्वेच्या कवचधारी प्राण्यांचा सचित्र ग्रंथ खंडाखंडाने काढावयास घेतला. वयाच्या पन्नाशीनंतर असे काम हाती घेणे हे धाडसच होय. त्यातील एकेका जातीची शरीररचना, पाय, मिशा, केस, काटे, त्यांनी स्वतः रेखाटले. ९ एप्रिल १९२७ रोजी, नव्वदावा वाढदिवस अकरा दिवसांवर असता, ते ऑस्लो येथे निवर्तले. ग्रंथाच्या नवव्या खंडाची छपाई १९२८ साली पूर्ण झाली.