मंद प्रकाशाचा माग

१९२१ सालच्या सप्टेंबर महिन्यात ‘नारकुंडा’ नावाची आगबोट इंग्लंडहून मुंबईकडे येत होती. बोटीवरील एक बत्तीस वर्षांचा भारतीय प्राध्यापक कठड्याशी उभा राहून स्फटिकाच्या एका लहानशा लोलकातून समुद्राकडे पुनःपुन्हा पाहत असे. समुद्र निळा दिसतो तो आकाशाचे प्रतिबिंब त्यात पडते म्हणून, असे त्या काळी मोठमोठे शास्त्रज्ञही मानीत. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश अडविण्याची सोय त्या लोलकात होती. आकाशाचे प्रतिबिंब अशा रीतीने पुसून टाकले, तरी पाण्याची निळाई नाहीशी झाली नाही. उलट ती अधिकच गडद दिसू लागली. याचा अर्थ, हा रंग आकाशाकडून उसना घेतलेला नव्हता. पाण्याचे रेणूच सूर्यप्रकाश विखरून टाकीत होते. बोट मुंबई बंदरात आली, तेव्हा २६ सप्टेंबरला या प्राध्यापकाने आपला निष्कर्ष विलायतेतील ‘नेचर’ या नियतकालिकासाठी लिहून काढला. त्यांचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तामिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. त्यामुळे घरात ग्रंथ होते आणि संगीतही होते. अकराव्या वर्षी रामन मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १९०४ साली ते बी. ए. झाले व १९०७ साली एम. ए. झाले. विद्यार्थिदशेतच, वयाच्या अठराव्या वर्षी, प्रकाशासंबंधीचा त्यांचा पहिला निबंध विलायतेत प्रसिद्ध झाला.

असा बुद्धिमान तरुण उच्च शिक्षणासाठी परदेशी जावयाचा. परंतु तेथील हवा त्यांच्या नाजूक प्रकृतीस मानवणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. देशात संशोधनाची साधने तुटपुंजी होती. तेव्हा रामन यांनी अर्थखात्याची स्पर्धा-परीक्षा दिली, तीत पहिला क्रमांक मिळविला आणि १९०७ साली ते कलकत्त्यास मोठे सरकारी अधिकारी म्हणून रुजू झाले. पगार चांगला होता, मानमरातब होता. अशा जागी बहुतेकांची जिज्ञासा हळूहळू निजून जाते. रामन यांची मात्र जागीच राहिली.

एके दिवशी ट्रॅममधून जाताना बहूबाजार रस्त्यावर त्यांना एका विज्ञानसंस्थेची पाटी दिसली. डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली मोठ्या आशेने ही संस्था स्थापिली होती; पण तिच्या प्रयोगशाळेत काम करणारे कोणी उरले नव्हते. रामन यांनी दार ठोठावले. आशुतोष डे नावाच्या गृहस्थांनी ते उघडले व पुढे तेच रामन यांचे प्रयोगशाळेतील विश्वासू साहाय्यक झाले. त्या दिवसापासून रामन यांचा क्रम ठरला. पहाटे प्रयोगशाळा, दिवसभर कचेरी, संध्याकाळी पुन्हा प्रयोगशाळा. मध्यंतरी त्यांची रंगूनला व १९१० साली नागपूरला बदली झाली. परंतु अभ्यासात खंड पडला नाही. वीणा, मृदंग, तबला यांचा नाद कसा उत्पन्न होतो, तार व कातडे कशी कंप पावतात, याचा त्यांनी बारकाईने शोध घेतला.

१९१७ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. तेथील पगार सरकारी पगाराहून बराच कमी होता. तरीही रामन यांनी अधिकाराची व निश्चिंतीची नोकरी सोडली आणि ते शिकवू लागले.

समुद्राच्या निळाईने एक नवे कोडे त्यांच्यापुढे टाकले होते. द्रवाच्या रेणूंवर आपटून विखुरलेला प्रकाश मूळच्याच रंगाचा राहतो, की त्यात काही फरक पडतो? या एका प्रश्नाचा त्यांनी आपल्या शिष्यांसह सात वर्षे पाठपुरावा केला. १९२३ साली के. आर. रामनाथन या शिष्यास विखुरलेल्या प्रकाशात भलत्याच रंगाची अगदी पुसट झाक आढळली. द्रवात काही मळ असेल असे वाटून त्यांनी तो पुनःपुन्हा शुद्ध केला. पण झाक जाईना. रामन यांनीही ती क्षुल्लक म्हणून सोडून दिली नाही.

त्यांच्या प्रयोगाची रचना साधी होती. सूर्याचा प्रखर झोत भिंगांनी एकत्र करून व निळ्या-जांभळ्या काचेतून गाळून ते द्रवात सोडीत. मग त्या द्रवाकडे, निळा-जांभळा रंग पूर्णपणे अडविणाऱ्या दुसऱ्या काचेतून पाहत. रंग बदलत नसेल, तर केवळ अंधार दिसावयास हवा. परंतु अंधारात एक फिकट प्रकाश दिसे! रामन व त्यांचे शिष्य के. एस. कृष्णन यांनी सुमारे साठ द्रव तपासले. प्रत्येकात तो प्रकाश होता. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी वर्णपट दाखविणाऱ्या उपकरणातून त्यांनी तो पाहिला, तेव्हा मूळ रंगाच्या पट्ट्याशेजारी, मध्ये काळी फट सोडून, दुसरा पट्टा स्पष्ट उमटला होता. प्रकाशाचा रंग खरोखरच बदलला होता.

असे का होते? वीणेच्या तारांप्रमाणे पदार्थाचे रेणूही सतत कंप पावत असतात आणि प्रत्येक पदार्थाचा कंप निराळा असतो. प्रकाशाचा कण रेणूवर आदळला की कधीकधी आपली थोडी शक्ती त्यास देऊन बसतो. मग तो अधिक तांबड्या बाजूच्या रंगाचा होऊन बाहेर पडतो. क्वचित तो रेणूकडून शक्ती घेतो आणि निळ्या बाजूकडे सरकतो. मात्र असे विखुरलेल्या एक कोटी कणांमागे सुमारे एखाद्याच कणाच्या बाबतीत घडते. म्हणूनच ती झाक इतकी मंद होती.

त्याच सुमारास मॉस्को येथे लँड्सबर्ग व मँडेलश्टाम या शास्त्रज्ञांनाही स्फटिकांमध्ये हाच चमत्कार स्वतंत्रपणे आढळला होता. परंतु रामन यांचे निवेदन आधी प्रसिद्ध झाले. १९३० साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानासाठी हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई होत. स्वभावाने ते मानी व फटकळ होते, त्यामुळे सहकाऱ्यांशी त्यांचे खटकेही उडत. १९३३ साली ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले; १९३७ साली ते पद त्यांनी सोडले. १९४८ साली त्यांनी त्याच शहरात स्वतःची संशोधनसंस्था उभारली. १९५४ साली त्यांस ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या संस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.

त्याच १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी इतक्या निर्मळ काचेचा तंतू ओढला, की त्यातून एक किलोमीटर गेल्यावरही प्रकाशाचा शंभरावा भाग, किंबहुना त्याहून थोडा अधिक, शिल्लक राही. आज हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. पण साध्या काचेतून इतका प्रवास करणे प्रकाशास मुळीच शक्य नव्हते. पुढे हे तंतू अधिकाधिक निर्मळ होत गेले. लेसर हा प्रखर व एकरंगी प्रकाश दहा वर्षांपूर्वीच हाती आला होता. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असा प्रकाश काचतंतूत सोडून, रामन यांनी दाखविलेल्या मार्गाने नव्या रंगाचा लेसर-प्रकाश निर्माण करण्यात आला.

बाटलीतील द्रवात प्रकाशाची व रेणूंची गाठ काही बोटे अंतरापुरतीच पडते. तंतूत मात्र केसाहूनही बारीक गाभ्यात कोंडलेला प्रकाश कित्येक किलोमीटर काचेच्या सहवासात असतो. वाटेत थोडाथोडा रंग बदलतो आणि बदललेला प्रकाशच आणखी प्रकाशास बदलावयास लावतो. कोटीत एखाद्या कणाची गोष्ट अशा रीतीने झोत बनते. गाभ्याच्या काचेत जर्मेनियम मिसळले तर हा बदल अधिक जोमाने होतो. फॉस्फरस मिसळले तर रंगाची उडी अधिक लांब पडते. यटर्बियम मिसळले तर शक्ती पुरविल्यावर तो तंतू स्वतःच लेसर-प्रकाश देऊ लागतो. दूरचे संदेश वाहून नेताना क्षीण झालेला प्रकाश याच रामन परिणामाने वाटेतच पुन्हा सबळ करता येतो.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पारानाल नावाच्या डोंगरावर मोठी वेधशाळा आहे. २०१६ साली तेथे चार लेसर बसविण्यात आले. काचतंतूत रामन परिणामाने विशिष्ट रंगाचा अदृश्य प्रकाश सबळ करावयाचा आणि एका स्फटिकाने त्यापासून नारिंगी-पिवळा झोत बनवावयाचा, अशी त्यांची रचना आहे. हा झोत सुमारे ९० किलोमीटर उंचीवरील सोडियमच्या अणूंना उजळवितो आणि तेथे जणू कृत्रिम तारा चमकू लागतो. त्याच्या लुकलुकण्यावरून हवेची चंचलता ओळखून दुर्बिणीतील आरसा क्षणोक्षणी जुळवून घेतला जातो. मग दूरचे तारे स्पष्ट दिसतात.

१९८७ सालापासून २८ फेब्रुवारी हा दिवस भारतात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. आपल्या शोधातून संदेशांच्या वाटा सबळ होतील, आकाशात तारे उजळतील, हे रामन यांना कोठून ठाऊक असणार? त्यांच्यासमोर होती केवळ एक पुसट झाक. ती दृष्टिभ्रम म्हणून किंवा द्रवातील मळ म्हणून सोडून देणे सोपे होते. रामन यांनी ती सोडली नाही, आणि डोळ्यांस जेमतेम दिसणारा तो प्रकाश जगाच्या उपयोगी पडला.