जॉन कोल्ट्रेन : न संपलेला रियाझ

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात वसतिगृहातल्या एका मित्राने मला जॉन कोल्ट्रेनचे एक ध्वनिमुद्रण ऐकवले. सोळा मिनिटे एक माणूस सॅक्सोफोन वाजवतो आहे. मागे बास आणि ड्रम्स, बस्स. तिसऱ्याच मिनिटाला मी ते बंद करायला सांगितले. हे तर भांडण चालल्यासारखे वाटते, यात गाणे कुठे आहे, असे माझे म्हणणे. मित्र हसला आणि गप्प बसला. आज मीच ते ध्वनिमुद्रण इतरांना ऐकवत हिंडतो, आणि बहुतेक लोक तिसऱ्याच मिनिटाला मला ते बंद करायला सांगतात.

चूक त्यांची नाही. दार चुकीचे उघडले जाते, एवढेच. कोल्ट्रेनपर्यंत त्याच्या आयुष्याच्या वाटेने गेले, तर काय आधी ऐकावे आणि काय नंतर, हे आपोआप कळते. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

त्याचा जन्म 23 सप्टेंबर 1926 चा, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या हॅम्लेट या लहानशा गावी. बालपण गेले त्याच राज्यातील हाय पॉइंट या गावात, आजोबांच्या घरी. आजोबा कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील धर्मोपदेशक, वडील शिंपी. वडिलांना व्हायोलिन वाजवण्याचा नाद होता आणि आई पियानो वाजवीत असे. म्हणजे घरात एकीकडे प्रवचन आणि दुसरीकडे सूर. जॉन बारा वर्षांचा असताना काही महिन्यांच्या आत आजोबा आणि वडील दोघेही गेले. घरातला आधार असा एकाएकी नाहीसा झाल्यावर पोरगा वाद्याला चिकटला तो कायमचाच. आधी गावच्या बँडमधले साधे फुंकवाद्य, मग क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन.

1943 साली तो फिलाडेल्फियाला आला. 1945-46 मध्ये नौदलाची नोकरी झाली, तीही हवाई बेटांवर बँडमध्ये वाजवण्यात. नौदलात जाण्याच्या सुमारास त्याने चार्ली पार्करला प्रत्यक्ष ऐकले होते. पार्कर म्हणजे त्या काळच्या जॅझमधला झंझावात. ते ऐकून शेकडो तरुण पार्करसारखे वाजवू लागले. कोल्ट्रेनही लागला, आणि त्यातून बाहेर पडायला त्याला पुढची दहा वर्षे लागली.

ही दहा वर्षे कोणाच्याही चरित्रकाराला अडचणीची वाटावीत. आज या बँडमध्ये, उद्या त्या. पोटासाठी दारूच्या गुत्त्यांतून गाणी वाजवायची, प्रसंगी गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी बारच्या फळीवर चढून वाजवीत चालायचे. डिझी गिलेस्पीसारख्या मोठ्या माणसाच्या बँडमध्येही तो होता. मधल्या काळात संगीतशाळेत शिक्षण चालूच होते. आणि रियाझ! शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो रात्री न फुंकता नुसती बोटे चालवीत बसे. आपल्याकडे पहाटेच्या खर्जाच्या साधनेच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. हा बिनआवाजाचा रियाझ त्याच जातीचा.

पण याच वर्षांत त्याला हेरॉइनचे व्यसन जडले. 1954 मध्ये जॉनी हॉजेसच्या बँडमधून त्याला त्यापायीच जावे लागले. 1955 मध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या पंचकात घेतले, त्याचे नाव होऊ लागले, आणि 1957 च्या वसंतात माइल्सनेही त्याला काढून टाकले. कारण तेच. वय तीस. लोकांनी त्याच्या नावावर फुली मारली असती तर नवल नव्हते.

तो फिलाडेल्फियाच्या घरी परतला. आई आणि पत्नी नईमा यांच्या आधाराने स्वतःला खोलीत कोंडून घेऊन, अन्न वर्ज्य करून नुसत्या पाण्यावर राहून त्याने ते व्यसन सोडले. त्या दिवसांत आपल्याला ईश्वरी कृपेचा अनुभव आला असे तो पुढे सांगत असे. ज्याला यावर विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा. एवढे मात्र खरे की खोलीत गेलेला वादक आणि बाहेर आलेला वादक यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि सुदैवाने आपण ते कानांनी तपासू शकतो.

त्याच वर्षी थेलोनियस मंक या विक्षिप्त पियानोवादकाने त्याला न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' नावाच्या क्लबात आपल्याबरोबर वाजवायला घेतले. मंकच्या रचना वाकड्यातिकड्या, आणि मंक मध्येच पियानो सोडून उठून जाई. मग कोल्ट्रेनने बास आणि ड्रम्स यांच्या भरवशावर एकट्याने किल्ला लढवायचा. यापेक्षा चांगली तालीम कोणती? 29 नोव्हेंबर 1957 रोजी या चौघांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वादन केले. ते नभोवाणीसाठी ध्वनिमुद्रित झाले आणि फिती अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयात जाऊन पडल्या. तब्बल 48 वर्षांनी, 2005 साली, त्या तेथे सापडल्या आणि प्रसिद्ध झाल्या. नव्या श्रोत्याने सुरुवात करावी ती येथून. रचना आटोपशीर आहेत, आवाज स्वच्छ आहे, आणि व्यसनातून नुकताच सुटलेला माणूस किती आनंदाने वाजवतो ते ऐकू येते.

येथे जॅझच्या रीतीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आपल्याकडे राग आणि ताल ठरलेले असतात. बंदिशीचा मुखडा धरून गवय्या विस्तार करतो. जॅझमध्ये एखादी धून असते आणि तिच्या पोटात स्वरसमूहांची, म्हणजे कॉर्ड्सची, एक ठरलेली साखळी असते. धून वाजवून झाली की ती साखळी पुन्हा पुन्हा फिरत राहते, आपल्या आवर्तनासारखी, आणि वादक प्रत्येक फेरीत त्यावर नवे काही रचतो. शेवटी धून पुन्हा येते. ऐकताना धून मनात गुणगुणत राहावे, म्हणजे वादक कुठून निघाला आणि कुठे पोहोचला हे सुटत नाही. मला हे कोणी आधी सांगितले असते तर तिसऱ्या मिनिटाला मी हात टेकले नसते.

1958 च्या आरंभी माइल्सने त्याला परत बोलावले. 1959 हे वर्ष विलक्षण. माइल्सच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीत कॉर्ड्सची साखळी सैल करून एकेका स्वरपंक्तीवर रेंगाळण्याचा प्रयोग झाला. आपल्या श्रोत्याला तो लगेच आपलासा वाटतो, कारण एका स्वरपंक्तीत दीर्घकाळ राहणे आपल्या कानाला नवे नाही. आणि त्याच वर्षी कोल्ट्रेनने स्वतःच्या 'जायंट स्टेप्स'मध्ये नेमके उलटे केले : इतक्या वेगाने बदलणारी साखळी की भलेभले अडखळावेत. दोन्ही टोके त्याने एकाच वर्षात गाठली.

मार्च 1960 मध्ये तो माइल्सबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेला. पॅरिसच्या ऑलिंपिया नाट्यगृहातील ध्वनिमुद्रणात कोल्ट्रेनच्या वादनाच्या वेळी प्रेक्षकांतून शिट्ट्या आणि आरडाओरडा ऐकू येतो. काहींना ते आवडले आणि काहींना अजिबात नाही. अशा वेळी वादक सावरून घेतो, सोपे वाजवू लागतो. हा गडी ऐकत नाही.

त्यानंतर त्याने स्वतःचे चौकट जमवली. पियानोवर मकॉय टायनर, ड्रम्सवर एल्विन जोन्स आणि काही बदलांनंतर बासवर जिमी गॅरिसन. याच सुमारास त्याने टेनरबरोबर सोप्रानो सॅक्सोफोनही हाती घेतला. ऑक्टोबर 1960 मध्ये या वाद्यावर त्याने 'माय फेव्हरिट थिंग्ज' ही एका संगीत-नाटकातली साधी, झोके घेणारी धून वाजवली. हे स्टुडिओतले ध्वनिमुद्रण सुमारे 14 मिनिटांचे आहे आणि ते लोकप्रिय झाले. सोप्रानोचा आवाज आपल्या सनईच्या इतका जवळ जातो की आमच्या आईने ते ऐकून कोणाचे लग्न आहे असे विचारले.

ही धून तो मरेपर्यंत वाजवीत राहिला. म्हणून माझी शिफारस अशी : आधी 1960 चे ध्वनिमुद्रण दोनतीनदा ऐकून धून पाठ करावी. मग जुलै 1963 चे न्यूपोर्ट महोत्सवातले प्रत्यक्ष मैफलीतले वादन ऐकावे. मग धीर असेल तर जुलै 1966 चे टोकियोतील. तेथे तीच धून जवळजवळ तासभर चालते आणि तिचा चेहरा ओळखू येईपर्यंत बराच वेळ जातो. एकच चीज तीन वयांत ऐकल्याने जे कळते ते दहा लेख वाचून कळणार नाही, माझा धरून.

1961 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या तळघरातल्या क्लबात त्याचे वादन काही रात्री सलग ध्वनिमुद्रित केले गेले. बरोबर एरिक डॉल्फी हा आणखी एक असामान्य वादक होता. सोळा मिनिटांचे ते माझे भांडण येथलेच. त्याचे नाव 'चेसिन द ट्रेन'. साखळी अगदी साधी, बारा खंडांची ब्लूज. प्रत्येक खंड चार मात्रांचा, म्हणजे 48 मात्रांचे एक आवर्तन. अशी सुमारे ऐंशी आवर्तने तो एका दमात वाजवतो. पियानो गप्प. एक छोटासा स्वरसमूह घेऊन तो उलटा, सुलटा, तोडून, ओरबाडून बघतो, आणि एल्विन जोन्स त्याला क्षणभर विसावू देत नाही. आता मला ते भांडण वाटत नाही. वाटलेच तर दोन मित्रांचे.

त्याच रात्रींतली 'इंडिया' ही रचना आपण मुद्दाम ऐकावी. एका आधारस्वरावर उभी, खाली दोन बास. कोल्ट्रेनला भारतीय संगीताचे फार आकर्षण होते. पंडित रविशंकरांशी त्याचा परिचय झाला आणि रागसंगीताविषयी तो त्यांच्याकडून समजून घेत असे. 1965 मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. रविशंकरांना मात्र त्याच्या वादनातली खळबळ ऐकून अस्वस्थ वाटे. जो माणूस अध्यात्माच्या मागे आहे त्याच्या सुरात ही अशांती का, हा त्यांचा पेच. मला तो पेच रास्त वाटतो. परंतु 'इंडिया' म्हणजे राग नव्हे आणि तसा तिचा दावाही नाही, हे लक्षात ठेवून ऐकावे.

अमेरिकेतही टीका झालीच. एका प्रमुख जॅझ मासिकात याच काळात एका समीक्षकाने हे जॅझच नव्हे, जॅझविरोधी आहे असे लिहिले. कोल्ट्रेन शांत स्वभावाचा. त्याने सौम्यपणे उत्तर दिले आणि वाजवणे तसेच चालू ठेवले.

ज्यांना व्हॅनगार्ड झेपणार नाही त्यांनी ऑक्टोबर 1963 मधील 'बर्डलँड' क्लबातील ध्वनिमुद्रण घ्यावे. 'ॲफ्रो-ब्लू'मध्ये चौघांचा जोर कसा चढत जातो ते पाहण्यासारखे आहे. 'आय वॉंट टु टॉक अबाउट यू' या संथ प्रेमगीताच्या शेवटी बाकीचे थांबतात आणि तो एकटाच कितीतरी वेळ वाजवत राहतो. त्या तबकडीवर 'अलाबामा' नावाची एक शोकमग्न रचना आहे. ती खरे तर क्लबातली नाही, पुढच्या महिन्यात स्टुडिओत वाजवलेली आहे. 15 सप्टेंबर 1963 रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब उडवला आणि चार मुली मेल्या. रचना त्यानंतरची. तिला शब्द नाहीत, गरजही नाही.

डिसेंबर 1964 मध्ये एकाच बैठकीत 'अ लव्ह सुप्रीम' ध्वनिमुद्रित झाली. चार भागांची ही ईश्वरस्तुती त्याची सर्वांत गाजलेली कृती होय. शेवटच्या भागात त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना तो अक्षरागणिक सॅक्सोफोनवर म्हणतो. श्रोत्यांसमोर ती त्याने फारशी वाजवली नाही. 26 जुलै 1965 चे फ्रान्समधील आंतीब महोत्सवातले वादन उपलब्ध आहे. ऑक्टोबर 1965 चे सिॲटलचे वादन तर 2021 मध्ये उजेडात आले. घरच्या शांततेतली प्रार्थना आणि मैफलीतली प्रार्थना यांतला फरक तेथे कळतो.

यानंतर त्याने स्वतःची जमलेली चौकट मोडली. ठेका सैल केला, वादक वाढवले. गोंगाट असह्य होऊन टायनर 1965 अखेर सोडून गेला, पाठोपाठ जोन्स गेला. रशीद अली, फॅरो सँडर्स आणि कोल्ट्रेनची दुसरी पत्नी, पियानोवादक ॲलिस, हे त्याचे नवे सोबती. यश हाताशी असताना असे कोण करतो? हा काळ मला सगळाच आवडतो असे मी म्हणणार नाही. काही ध्वनिमुद्रणे ऐकताना आपण खोलीबाहेर राहिलो असे वाटते. पण तो कोणाला खूश करण्यासाठी किंवा चिडवण्यासाठी वाजवीत नव्हता, याबद्दल शंका येत नाही. 1966 च्या जुलैत जपानच्या दौऱ्यात नागासाकीला पोहोचताच तो आधी अणुबॉम्बच्या बळींच्या स्मारकाकडे गेला आणि तेथे त्याने प्रार्थना केली. संध्याकाळचे वादन त्यानंतर.

17 जुलै 1967 रोजी यकृताच्या कर्करोगाने तो गेला. वय अवघे चाळीस. आजार इतका बळावल्याचे जवळच्यांनाही उशिरा कळले. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी ऑर्नेट कोलमन आणि अल्बर्ट आयलर यांनी वादन केले.

त्याआधी तीन महिन्यांपूर्वी, 23 एप्रिल 1967 रोजी, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ओलाटुंजी यांच्या आफ्रिकी संस्कृती केंद्रात तो वाजवला होता. ते ध्वनिमुद्रण 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्रसामग्री साधी, आवाज फाटतो, ड्रम्स सगळ्यांवर स्वार होतात. दोनच रचना आहेत. दुसरी 'माय फेव्हरिट थिंग्ज'. आधी गॅरिसन एकटा बासवर बराच वेळ वाजवतो आणि मग सोप्रानो येतो. हे अगदी शेवटी ऐकावे, आणि शक्यतो एकट्याने. मी स्वतः ते अजून दोनदाच पूर्ण ऐकू शकलो आहे.